नको म्हणणाऱ्याची तपासणी

माणसाच्या शरीरावर पहिला हक्क त्याचा स्वतःचा, आणि कायदा याबाबतीत फार कडक आहे. पेशंटला समजत असेल तर त्याच्या सहीशिवाय त्याचं नखसुद्धा कापता येत नाही. प्रश्न एवढाच, की त्याला समजतंय हे समजायचं कसं? या हॉस्पिटलने तो कधीच सोडवलाय. जो हो म्हणतो त्याला समजलेलं असतं. जो नको म्हणतो त्याची तपासणी होते. (गेल्या वर्षी चारशे बारा जण हो म्हणाले. चारशे बाराच्या चारशे बारा शहाणे निघाले.)

सात नंबरच्या खाटेवरचे अण्णा नको म्हणाले.

अण्णा शिंपी. साखरेने पाय काळा पडलेला, गुडघ्याखाली कापायचा ठरलेला. लेक उशाशी बसून होती. तिला वाटलं, बाबांशी कोणीतरी नीट बोलेल. आली ती तिघांची समिती.

"आज वार कोणता?"

"मंगळवार. पाय नाही कापला तर मी मरेन, हेही ठाऊक आहे. चाळीस वर्षं मशीन या पायांनी चालवली. राहिलेत ते दिवस दोन्ही पायांवर काढेन."

समितीने लिहिलं: वार बरोबर. मरणाचा उल्लेख विनाकारण.

"शंभरातून सात-सात वजा करत जा."

"कशाला? पाय एकच कापताय ना?"

समितीने लिहिलं: सहकार्य नाही.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा नर्सला सकाळपासून 'आत्या' म्हणत होते. त्यांनी स्वतःच्या ऑपरेशनच्या कागदावर मात्र पटकन अंगठा दिलेला, त्यामुळे त्यांना कोणी वार विचारला नाही.

अण्णा अक्षम ठरले. आता त्यांच्या जागी लेकीने ठरवायचं होतं. नियम सुंदर आहे: पेशंट शुद्धीवर असता तर काय म्हणाला असता, तेच नातेवाइकाने सांगायचं.

"नको म्हणाले असते," लेक म्हणाली. "आत्ताच म्हणाले की! तुमच्यासमोर!"

समितीतल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांच्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी अगदी मायेने विचारलं, "ताई, आज वार कोणता?"

(तिनेही मंगळवारच सांगितला. घरात आनुवंशिक असावं, अशी नोंद झाली.)

राहिला मुलगा. तो सहा वर्षांत घरी फिरकला नव्हता. त्याला फोन लावला. "हो हो, कापून टाका. मी मीटिंगमध्ये आहे," तो म्हणाला. अकरा सेकंदांत काम झालं. कुटुंबातली सर्वात सक्षम व्यक्ती म्हणून त्याचं नाव फाईलवर चढलं. लेकीने बाबांचा हात घट्ट धरला. अण्णा म्हणाले, "रडू नकोस गं. तू रडलीस तर तेही लिहितील."

ऑपरेशन उद्या सकाळी आहे.

कोणता पाय, हे मुलाने विचारलं नाही. तुम्हीही इथवर वाचत आलात, तुम्हीही विचारलं नाहीत. काळजी नसावी, तुमची तपासणी होणार नाही.