मामांनी घर पाहिले

घर पाहून झाले होते, पसंतही पडले होते, आणि आता ते घेण्यात एकच अडचण होती. ते घर सरांचे होते.

चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळे चष्मेवालाच म्हणतात, तसे आपणही म्हणू. या चष्मेवाल्याला शाळेत गणित शिकवले ते या सरांनी. सर आता म्हातारे झाले होते. मुलीच्या घराजवळ त्यांनी एक फ्लॅट पसंत केला होता आणि त्यासाठी हे बैठे घर विकायला काढले होते. चष्मेवाला घर बघायला गेला तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ म्हणून, पण फाटक उघडताच त्याचा सातवीतला मुलगा झाला. सर म्हणाले, "बघ फिरून," तर हा हात मागे बांधून फिरला. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून एक मोठे लाकडी कपाट होते, त्याला वळसा घालून तो पुढे गेला.

"सर, घराला नाव ठेवायला जागा नाही," तो म्हणाला.

सरांनी घसा खाकरला आणि खिडकीबाहेर पाहिले.

घरी आल्यावर बायकोने विचारले, "काय काय बघितलंस?"

"सगळं. मागे बाग पण आहे."

"नळ सोडून बघितलेस?"

"सरांच्या घरात नळ सोडून बघू?"

"गच्चीवर गेलास? दिव्यांची बटणं लावून बघितलीस?"

"अगं, सर समोर उभे होते!"

बायको रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. वरून टुणटुणीत दिसणारी माणसे ती रोज बघायची आणि त्यांचे आतले रिपोर्टही बघायची, त्यामुळे कोणाच्या नुसत्या दिसण्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. "हे बघ," ती म्हणाली, "हे घर चुकलं तर दुसरं घ्यायची ताकद या जन्मात आपल्याकडे नाही. घर तपासणारी माणसं असतात. एकाला आणू."

"आणि सरांना काय सांगू? तुमच्यावर विश्वास नाही म्हणून माणूस आणलाय?"

"भीड भिकेची बहीण असते, एवढं लक्षात ठेव."

'घर पाहावे बांधून' असे जुनी माणसे सांगून गेली. दुसऱ्याने बांधलेले घर कसे पाहावे, हे मात्र कोणी सांगितले नाही. त्यातून ते आपल्या मास्तरांचे असेल तर विचारूच नका. दोन दिवस घरात धुसफूस चालली. नवराबायकोचे भांडण एकाचे पटून कधी मिटत नाही, दोघांनाही न पटणारी तिसरीच गोष्ट ठरते आणि मिटते. तशी ती ठरली. तपासणारा माणूस न्यायचा, पण बायकोचे मामा म्हणून न्यायचा.

तपासनीस मुलखाचे तिरसट होते. सारा जन्म बांधकामावर गेलेला, बोलणे तोडून टाकल्यासारखे. "मी कोणाचा मामा नाही," ते म्हणाले. "मला खोटं बोलता येत नाही."

"तुम्ही बोलूच नका," बायको म्हणाली. "खोटं आम्ही बोलू."

"मग चालेल. पण मी बघत असताना तुम्ही माझ्यामागे फिरायचं. नंतर फोन करून 'ते काय दिसलं होतं हो' असं विचारायचं नाही."

रविवारी सकाळी तिघे सरांकडे गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दारातच स्वागत केले. "या या, मामा. काय घेणार?"

"मेन स्विच कुठाय?" मामा म्हणाले.

"चहा," बायको घाईने म्हणाली. "चहा घेतील ते."

मामांनी चहाकडे पाहिलेही नाही. भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत ते खोलीभर फिरले, कपाटापाशी थांबले, पिशवीतून मुठीएवढे यंत्र काढून त्यांनी कपाटाशेजारच्या भिंतीला लावले. ते ओल मोजायचे यंत्र होते. ओल लागली की ते वाजते. ते वाजले.

"काय वाजलं?" सर म्हणाले.

चष्मेवाला आयुष्यात सरांशी एकदाही खोटे बोलला नव्हता, त्यामुळे त्याला सवय नव्हती. "मामांचं कानाचं यंत्र," तो म्हणाला.

झाले. सर खुर्ची ओढून मामांच्या कानाशी सरकले आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "मामा! प्रवास! नीट झाला ना!"

"ओरडताय कशाला? येतं मला ऐकू."

"सगळे असंच म्हणतात," काकू हळहळून म्हणाल्या.

मामा वैतागून न्हाणीघरात शिरले आणि त्यांनी दार लावून घेतले. आतून बादल्या ओतल्याचा आवाज आला. मग फ्लश ओढला गेला. थोड्या वेळाने परत ओढला गेला. तिसऱ्यांदा ओढला गेला तेव्हा काकूंनी बायकोच्या हातावर हात ठेवला. "पोट बिघडलंय का गं त्यांचं?"

आता कानाचे झालेच होते, तिथे पोटाला नाही कुठे म्हणायचे? "थोडं नाजूकच आहे," बायको म्हणाली. काकू लगबगीने मीठ-साखरेचे पाणी करायला स्वयंपाकघरात गेल्या.

मामा बाहेर आले ते थेट भिंतीला हात लावून. फरशीला उतार कुठे आहे ते बघायला चार पावले चालले, खाली बसले, उठले, परत भिंत धरली. सरांनी हे सगळे चष्म्यावरून पाहिले आणि गणिताच्या माणसाने करावी तशी बेरीज केली. कान गेलेला, पोट बिघडलेले, आणि आता चक्कर. "धरा त्यांना! आडवं करा!" ते म्हणाले. ते स्वतः एका बाजूने आणि चष्मेवाला दुसऱ्या बाजूने, असे मामांना उचलूनच आतल्या खोलीतल्या पलंगावर निजवण्यात आले.

मामा पहिल्यांदा हातपाय झाडत होते. मग त्यांची नजर छतातल्या भेगेवर गेली आणि ते एकदम शांत झाले. छत इतके निवांत बघायला त्यांना कधी मिळाले नव्हते.

"बरं वाटतंय का आता?" काकूंनी विचारले.

"पंख्याच्या हुकापासून निघालीय," मामा समाधानाने म्हणाले, "आणि पार कोपऱ्यापर्यंत गेलीय."

"बडबडायला लागले," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी शेजारच्या डॉक्टरांना फोन लावला. चष्मेवाला "नको हो, नको," म्हणत त्यांच्यामागे धावला, पण पेशंटच्या घरच्यांचे अशा वेळी कोण ऐकते?

डॉक्टर बॅग घेऊन आले तेव्हा मामा पलंगावर उताणे पडून छतावर टॉर्च मारत होते. डॉक्टरांचा चेहरा खुलला. "अरे वा, तुम्ही होय! हे घर तपासताय का?" मग सरांकडे वळून म्हणाले, "चांगला माणूस धरलात, सर. माझा दवाखाना घेण्याआधी यांनीच बघितला होता. पण आजारी कोण आहे?"

मामांनी टॉर्च बंद केला. आजारी कोणी असो नसो, इथे थांबण्यात अर्थ नाही, हे डॉक्टरांना कळले आणि ते आल्या पावली गेले.

सर खुर्चीत बसले. "मामा कोणाचे?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"कोणाचेच नाहीत, सर." चष्मेवाला उभा राहिला होता. उभे राहा असे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याला मनापासून लाज वाटली. घर गेले याचे त्याला तितके वाटले नाही. या माणसाच्या नजरेतून आपण उतरलो, हे त्याला सोसवेना. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... तुमच्यावर अविश्वास नव्हता, सर."

"गणिताचं उत्तर आलं की पुढे काय करायचं? काय शिकवलं होतं?"

"ताळा, सर. उत्तर बरोबर आहे का ते उलटं करून बघायचं."

"ताळा करणं म्हणजे मास्तरावर अविश्वास का?"

"नाही, सर."

"फळ्यावर मी चुकलो की तू हात वर करायचास. बाकी सगळा वर्ग माझी चूक मुकाट्यानं वहीत उतरवून घ्यायचा. मला आवडायचं रे ते. दाखवलं नाही कधी, पण आवडायचं." सर उठले आणि बाहेरच्या खोलीत गेले. "ये. धर त्या बाजूनं."

दोघांनी मिळून कपाट सरकवले. मागे भिंत वरपासून खालपर्यंत काळवंडली होती, गिलावा फुगून सुटला होता. मामा पलंगावरून कधी उठून आले ते कळलेच नाही. त्यांनी यंत्र लावले, ते वाजायला लागले आणि थांबेचना.

"कानाचं यंत्र," सर म्हणाले. चष्मेवाल्याने मान खाली घातली. "पाहुण्यांना दिसायला नको म्हणून मी कपाट लावलं इथे. मग मलाही दिसेना. तू आलास तेव्हा सांगणारच होतो, पण तू म्हणालास, घराला नाव ठेवायला जागा नाही. आता त्यानंतर कपाट कसं सरकवू? तू विचारशील म्हणून वाट बघत बसलो."

"रोज म्हणायचे," काकू म्हणाल्या, "तो विचारत का नाही, तो विचारत का नाही. जेवण गोड लागत नव्हतं त्यांना."

भिडेने एकाने विचारले नव्हते आणि भिडेनेच दुसऱ्याने सांगितले नव्हते. एवढ्या चांगुलपणात बिचारी भिंत तेवढी कुजत होती.

"बोलू का आता?" मामा म्हणाले. "सकाळपासून गप्प बसवलंय मला. ही भिंत वाईट नाहीये. डाग वरून खाली आलाय, म्हणजे वर गच्चीवर पाणी साचतं, ते हिच्यात उतरतं. न्हाणीघराचा उतार उलटा आहे. छताची भेग नुसत्या गिलाव्याची आहे, जुनी आहे, तिला घाबरायचं कारण नाही. घराचा पाया चांगला आहे. घर म्हातारं आहे, आजारी नाही. पण गच्ची आधी करायची आणि रंग नंतर. लोक आधी रंग देतात."

रंग सरांनीच दिला होता.

"गच्ची मी करून देतो," सर म्हणाले. "मग वर पाणी भरून ठेवू. खाली थेंब आला नाही तर घर घे. आला तर घेऊ नकोस. माझ्याकडे बघून तर अजिबात घेऊ नकोस."

"न्हाणीघराचं आम्ही बघू, सर," बायको म्हणाली. चष्मेवाल्याने मान हलवली.

मग सगळे बसले. काकूंनी केलेले वाया कशाला घालवा म्हणून मामांनी मीठ-साखरेचे पाणी उचलले आणि एक घोट घेऊन विचारले, "सर, तुमचा नवा फ्लॅट कोणी तपासला?"

सरांनी घसा खाकरला आणि खिडकीबाहेर पाहिले. "तिथे गरज नाही. बिल्डर माझा विद्यार्थी आहे."

"नळ सोडून बघितलेत?" बायकोने विचारले.

"कसले नळ!" काकू म्हणाल्या. "वा वा म्हणत हात मागे बांधून फिरून आले."

"अगं, पोरगा कौतुकानं दाखवत होता. त्याला काय वाटलं असतं?"

चष्मेवाल्याने हळूच हात वर केला. सर त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग मामांकडे वळले.

"पुढच्या रविवारी मोकळे आहात?"

"आहे."

"बरं." सरांनी कपाटाकडे पाहिले, मग आवाज खाली आणला. "पण त्याला सांगायचं काय? तुम्ही कोण म्हणून?"

काकूंनी मामांच्या हातातला रिकामा पेला घेतला. "माझा भाऊ आहे म्हणून सांगू," त्या म्हणाल्या. "कानानं जरा कमी आहे."