खिडकी क्रमांक चार

‘मी कोण आहे माहीत आहे का?’ असं विचारणाऱ्या श्रोत्याला संगीत सभागृहाच्या खिडकी क्रमांक चारवर लेखी उत्तर मिळत असे, आणि ते उत्तर गावभर बंधनकारक असे.

पूर्वी हा प्रश्न दारावरच विचारला जाई. दारावरच्या लोकांना उत्तर येत नसे आणि बोलणी खावी लागत. तक्रारी फार वाढल्या तेव्हा खिडकी उघडण्यात आली. अर्ज भरून भिंतीतल्या फटीत सरकवायचा. सात मिनिटांत त्याच फटीतून उत्तर बाहेर येई. भिंतीपलीकडे सायकल स्टँड होता. बहुतेकांना ‘दूध संघाचे माजी उपाध्यक्ष’ असलं काहीतरी मिळे आणि ते समाधानाने आपापल्या खुर्चीवर जाऊन बसत. एका दंतवैद्याला मात्र ‘वत्सलाबाईंचे धाकटे दीर’ असं उत्तर आलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्याची पाटी बदलून घेतली.

दार आणि खिडकी, दोन्ही कुसुम वाघचौरे सांभाळत असे. सहा वर्षांची नोकरी, अजून हंगामीच. तिच्या बिल्ल्यावर नाव नव्हतं, ‘द्वारपाल ३’ एवढंच होतं.

त्या रविवारी सकाळची मैफल होती. गायिकेने नुकती तोडी सुरू केली होती, तेवढ्यात दादासाहेब सरनोबत आले. वीस मिनिटं उशीर, मागे थर्मास घेतलेला ड्रायव्हर. पहिल्या रांगेत मधोमध एक निवृत्त पोस्टमास्तर डोळे मिटून बसले होते. दादासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली आणि उठायला सांगितलं. कुसुमने वाकून, हळू आवाजात तिकीट मागितलं. ते खांबामागच्या खुर्चीचं होतं.

“मी कोण आहे माहीत आहे का तुला?” दादासाहेब म्हणाले.

गायिका थांबली आणि तानपुरा पुन्हा जुळवू लागली. कुसुमने दादासाहेबांना खिडकीकडे नेलं. हा प्रश्न त्यांनी सहा वर्षांत तिला अनेकदा विचारला होता, पण अर्ज भरायची वेळ कधी आली नव्हती. दर वेळी कोणीतरी घाईघाईने खुर्ची रिकामी करून देई. आज पोस्टमास्तरांनी डोळेच उघडले नव्हते.

सात मिनिटांनी उत्तर आलं: ‘माहिती उपलब्ध नाही.’

दादासाहेब हसले. ही कारकुनी चूक आहे, उद्या तुझी नोकरी राहणार नाही, असं त्यांनी कुसुमला सांगितलं आणि फोन काढला. फोनने त्यांचा अंगठा ओळखला नाही. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हरने अदबीने विचारलं, आपण कोण, कुणाकडे आलात? मग थर्मास घेऊन तो गाडीपाशी मालकाची वाट बघत उभा राहिला.

व्यवस्थापक आढाव नियमांची वही घेऊन आले. अपील करता येत होतं. हजर असलेल्या एका माणसाने ‘मी यांना ओळखतो’ अशी सही करायची आणि त्या माणसाचं नाव अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहायचं.

“कुसु... अहो बाई,” आढाव नाव घेता घेता सावरले, कारण सुचवायला मनाई होती. “तुम्ही ओळखता ना यांना?”

ती ओळखत होती. गेल्या दिवाळीत याच माणसाने तिला पदराने खुर्ची पुसायला लावली होती, आणि पुरेशी पुसली नाही म्हणून तीन महिने तिला उन्हात गाड्या लावायला उभं केलं होतं. ‘नाही’ तिच्या अगदी ओठांवर आलं. पण जशी खोटी सही करायची नाही, तसं खोटं ‘नाही’सुद्धा म्हणायचं नाही, असं तिच्या मनाने घेतलं. तिने ठसठशीत सही केली. सही कुणालाच वाचता येत नसे.

दादासाहेबांनी पेन घेतलं. बिल्ल्याकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ‘मंगल’ लिहून कागद सरकवला. ‘नाही’ असा परत आला. ‘शांता’ लिहिलं, तोही परत आला. बायकांची नावं असून असून किती असणार, असं पुटपुटत त्यांनी तिसऱ्यांदा ‘सुनीता’ लिहिलं. तीनच संधी होत्या.

सभागृहात सापडलेलं आणि कोणाचं ते न कळलेलं सगळं मागच्या खोलीत सात दिवस ठेवलं जाई. आढावांनी दादासाहेबांच्या मनगटाला दोनशे बारा नंबरची चिठ्ठी बांधली. एक शाल आणि श्रवणयंत्र यांच्यामध्ये त्यांना जागा मिळाली.

पहिले दोन दिवस ते ओरडले. ती खोली रियाजाच्या खोलीला लागून होती. ते थांबले की पलीकडचं ऐकू येई. तिसऱ्या दिवसापासून ते थांबू लागले. कुसुम दुपारी त्यांना चहा नेऊन देई. चौथ्या दिवशी कप घेताना त्यांनी तिला नाव विचारलं.

“कुसुम.”

“चांगलं आहे,” ते म्हणाले. अपिलाच्या तिन्ही संधी संपल्या होत्या.

आठव्या दिवशी सरनोबतबाई आल्या. घरात काहीतरी कमी आहे हे पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं. काय, ते समजायला आणखी दोन दिवस गेले होते. कुसुमने वर्णन विचारलं. बाईंनी उंची सांगितली, मिशा सांगितल्या. आवाज मोठा, समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीत, असंही सांगितलं. कुसुमने सगळं लिहून घेतलं आणि दोनशे बारा नंबर बाहेर आणला.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी मुलीच्या घरचं, गुडघ्याच्या दुखण्याचं, गच्चीतल्या गळतीचं असं काहीबाही बोलून पाहिलं. तो माणूस शेवटपर्यंत ऐकत होता. बोलणं संपल्यावर त्याने विचारलं, गुडघा डावा की उजवा?

“दिसायला तसेच आहेत हो,” बाई कुसुमला म्हणाल्या, “पण हे आमचे नव्हेत.”

कुसुमने वर्णनाच्या कागदावर ‘जुळत नाही’ असा शेरा मारला आणि तो फाइलला लावला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“यांना कोणी न्यायला आलं नाही का?”

“नाही. मुदत कालच संपली. आता मागेल त्याला देता येतं.”

“मग मी नेते.”

कुसुमने दुसरा अर्ज पुढे केला, सही घेतली आणि कात्रीने मनगटावरची चिठ्ठी कापली.

“आणि तुमचे सापडले तर कुठे कळवायचं?” तिने विचारलं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “ते राहू द्या तुमच्याकडेच,” त्या म्हणाल्या, आणि पायरी आहे, जपून या, असं पाहुण्यांना सांगत त्यांना गाडीकडे घेऊन गेल्या.