छापा पडला तर छोटं भाषण

अगं, मध्ये बोलू नकोस, आधी ऐक! पहिलं बक्षीस मलाच मिळालं! हो, मला! जिला घरात दादा 'गणितातली गोगलगाय' म्हणतो, तिला!

संख्याशास्त्राच्या प्रकल्पात काहीतरी मोजून सिद्ध करायचं होतं. बाकीच्यांनी काय घेतलं? उंची, झोप, बुटाचं माप! मी म्हटलं, मोजायचं तर असं मोजू की शाळा नाव काढेल. विषय घेतला, 'मोठ्या बाईंचं सकाळचं भाषण किती वेळ चालतं?'

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या बोलायला लागल्या की मैदानावरच्या सावल्या या भिंतीवरून त्या भिंतीवर जातात! दादा म्हणाला, "स्टॉपवॉच कशाला? कॅलेंडर घेऊन जा!"

खेळाच्या सरांचं स्टॉपवॉच गळ्यात अडकवून मी ऐटीत पहिल्या रांगेत उभी राहिले. बाई म्हणाल्या, "मुलांनो..." मी बटण दाबलं. टूक! केवढ्यांदा वाजलं ते! बाईंनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि शिस्तीवरून थेट, "बरं, जा वर्गात!"

दुसऱ्या दिवशी आणखी छोटं! तिसऱ्या दिवशी बाईंनी मला ऑफिसात बोलावून हळूच विचारलं, "कोणी सांगितलं गं तुला हे?"

"गणिताच्या सरांनी, बाई. प्रकल्प आहे."

"म्हणजे सरसुद्धा कंटाळलेत?"

त्यानंतरचं भाषण सांगू? "पंखे बंद करत जा. जा!" संपलं! शाळेने मला डोक्यावरच घेतलं!

पण सरांनी माझा आलेख बघून कपाळाला हात लावला. "हा आलेख आहे की घसरगुंडी? अगं, बाई तुझ्यामुळे गप्प होतायत! तू भाषण नाही, त्यांची भीती मोजतेयस. असाच दिलास तर नापास!"

आणि तेवढ्यात मला सुचलं. "मग सर, तेच मोजू? रोज नाणं उडवते. छापा पडला तर घड्याळ गळ्यात, काटा पडला तर आवाज बंद करून खिशात!"

सर खुर्चीतून उठलेच. "कार्टे, यालाच तर प्रयोग म्हणतात!"

मग काय! रोज सकाळी फाटकापाशी ही गर्दी! छापा पडला की शिट्ट्या! काटा पडला की, "परत उडव ना गं, पाया पडतो!" खेळाच्या संघाची कॅप्टन तर दंड थोपटत आली, "तुझं नाणं बिघडलंय!" पण मी नाही वाकले! काट्याच्या दिवशी सगळी शाळा उन्हात, आणि सगळ्यांची नजर बाईंवर नाही, माझ्यावर! खाऊ की गिळू!

शेवटी प्रदर्शन. समोर आई, बाबा, दादा. मी तक्ता उघडला. छाप्याचे खांब बुटके, काट्याचे ताडमाड! आणि परीक्षक कोण? मोठ्या बाई! त्यांनी वाचलं. परत वाचलं. सर उगाच छताकडे बघायला लागले.

"म्हणजे मी..." बाई म्हणाल्या, आणि अशा हसल्या, अशा हसल्या की चष्मा खाली पडला! "अगं, इतक्या वर्षांत माझं भाषण एवढं लक्ष देऊन कोणीच ऐकलं नव्हतं! पहिलं बक्षीस हिलाच!"

काय टाळ्या पडल्या! दादासुद्धा उभा राहिला, दादा! माझ्या एका हातात ही मोठी ढाल, दुसऱ्या हातात फुलं. आणि बाईंनी माईक ओढला.

"या निमित्ताने वेळेच्या महत्त्वावर दोन शब्द..."

सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय! कॅप्टन लांबून गळ्याला बोट लावून खुणावतेय, घड्याळ काढ, घड्याळ! घड्याळ खिशात, हात दोन्ही भरलेले! मी एकदा ढालीकडे बघितलं, एकदा त्या बिचाऱ्या लोकांकडे बघितलं... आणि ढाल आणखी घट्ट धरली. बाई स्वतःच्या शिशुवर्गापासून सुरू झाल्या. त्या चौथीत पोचल्या तेव्हा बाबा घोरत होते.

पण तूच सांग, पहिलंवहिलं बक्षीस गं! तू ठेवली असतीस का ढाल खाली?