भाऊजींनी घरात आणलेलं ऊन

भरल्या घराच्या छपराची कवेलं भर दुपारी काढणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. माझे धाकटे दीर, नारायणभाऊजी. गळती नाही, पाऊस नाही, माकडंसुद्धा फिरकली नव्हती. आणि हे आपले छपरावर बसून एकेक कवेलू खाली देतायत.

सासूबाई अंगणातून ओरडल्या, "काय करून राह्यला बे? येडा झाला काय?"

"मा, ऊन काय कोणाच्या बापाचं हाय?"

हे त्यांचं पालुपद. बाजारात कुणी भाजीची टोपली सरकवायला सांगितली, की रस्ता काय कोणाच्या बापाचा हाय? एकदा भांडणाच्या भरात मामंजींनाच म्हणाले, "विहीर काय कोणाच्या बापाची हाय?" मामंजी शांतपणे म्हणाले, "हाव. तुह्याच बापाची हाय."

तर ते छप्पर उघडलं कशापायी, ते सांगते. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि आमच्या देऊळघाटात फोटो म्हणजे नवलच. शेजारच्या लग्नाला बुलढाण्याचा फोटोवाला आला, तसं मामंजींनी त्याला आमच्याही अंगणात बोलावलं. आम्ही घडीची लुगडी नेसून बसलो. फोटोवाला काळ्या कापडात शिरतो न शिरतो, तोच भाऊजी उठले.

"आमची बाई कुठी हाय?"

बाई म्हणजे कमळाबाई, माझ्या थोरल्या नणंद. अंगावर कोड उठलं म्हणून सासरच्यांनी आणून सोडलेल्या. तेव्हापासून दिवसाउजेडी त्या मधल्या खोलीबाहेर पाऊल टाकत नसत.

"थे येत नसते, तुले माहीत हाय," मामंजी म्हणाले.

"मंग याले घरचा फोटो काऊन म्हनता? बाजारचा म्हना!" आणि बसायची खुर्ची उचलून भाऊजी चालते झाले. फोटो राहिला तो राहिलाच.

पुढच्या बाजाराला भाऊजी बुलढाण्याच्या फोटोच्या दुकानात शिरले. मला बांगड्या भरायच्या होत्या, म्हणून मीही सोबत. दुकानदारानं दिव्याचा, चकचकीत कॅमेरा पुढे केला.

"हा साहेबाचा. गरिबाचा दाखवा."

मग निघाला एक काळा डबा. चहाचा म्हणून फळीवर ठेवला तरी खपला असता.

"घरातला फोटो निघते याच्यात?"

"नाही निघत. याले ऊन लागते. मानसं बाहेर आना."

"मानूस बाहेर येत नाही."

"मंग फोटोबी येत नाही."

"मंग ऊन आत आनतो."

दुकानदार खो खो हसला. पण भला माणूस; जाताना एक युक्ती सांगितली. अंधाऱ्या जागी खटका दाबून धरायचा, आणि तोवर ना डबा हलला पाहिजे, ना माणसं.

म्हणून ती कवेलं. भगदाडाखाली भाऊजींनी पांढरं धोतर ताणून बांधलं, तसा मधल्या खोलीत दुधासारखा उजेड पसरला. कमळाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नारायना, मले सोड. माह्या तोंडाचा फोटो काय करतं?"

"बाई, तू बाहेर नको येऊ. हे पाह्य, ऊनच आत आलं."

बऱ्याच वेळानं त्या वळल्या. भाऊजींनी डबा गव्हाच्या पोत्यावर बसवला. "मनात एक ओवी म्हना. सरेस्तोवर कोनी हलाचं नाही!" मामंजींना ऐन वेळी खोकला आला. सासूबाईंनी पदर सावरला. मी तर ओवी मोठ्यानंच म्हटली, मग पोरं हसली.

फोटो धुऊन आला, तेव्हा मामंजींना दोन नाकं होती. सासूबाई नुसता धूर. माझं लुगडं तेवढं ओळखू येत होतं. स्पष्ट अशा एकट्या कमळाबाई. डोळे, कपाळ, गालावरचे डाग, सगळं जिथल्या तिथं. इतकी वर्षं कोपऱ्यात न हलता बसायचा सराव आमच्यात दुसऱ्या कुणाला होता?

मामंजी कडाडले, "आमचे तोंडं कुठी हायत बे?"

"तुमचे तोंडं गाव रोज पाह्यते," भाऊजी म्हणाले, आणि ओसरीत अगदी समोर खिळा ठोकून फोटो लावला. पाहायचं त्यानं खुशाल पाहावं.

पावसाळ्याआधी कवेलं परत बसली. एका जागी मात्र भाऊजींनी बराच वेळ छपरावर बसून, उन्हाकडे पाहत बोटांवर काहीतरी मोजून काचेचं कवेलू बसवलं. खाली उन्हाचा एक चौकोन पडायचा. कमळाबाई सूप घेऊन त्या उन्हात धान्य निवडायला बसू लागल्या. ऊन सरकलं, की सूप घेऊन त्याही सरकायच्या. दिवस कलताना तो चौकोन ओसरीच्या उंबऱ्यापाशी पोचायचा, आणि त्याच्यामागं कमळाबाईही.

भाऊजी छपरावर इतका वेळ काय मोजत बसले होते, ते मला तेव्हा कळलं.