सिलिंडरच्या खणातलं भोक

एका जंगलात, मुलांनो, रस्ते कागदावर डांबरी होते आणि पायाखाली लाल मातीचे. तिथल्या भिकाजी अस्वलाने जुन्या ट्रकच्या पाठीवर एक खोली चढवली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. भिंतीत लहान झाकणं: एक बॅटरीचं, एक टाकीचं, एक गॅस सिलिंडरच्या खणाचं. बायको-पिल्लांना घेऊन डोंगरापलीकडे जायचा बेत होता.

पहिल्याच फेरीत पिठल्यात धूळ, गादीत धूळ, अस्वलीणबाईंच्या कानात धूळ.

भिकाजीने ठकू घुशीला बोलावलं. ठकूच्या घराण्यात सात पिढ्या बिळं खणत आल्या होत्या. एका तोंडाचं बीळ खणणाऱ्याशी ते लोक सोयरीक करत नसत.

ठकूने प्रत्येक झाकणाच्या कडेला रबराची पट्टी बसवली. सिलिंडरच्या खणाशी मात्र ती थांबली. याचं घरात उघडणारं दार गच्च ठेवायचं, पण तळाला बाहेरच्या बाजूने एक भोक ठेवायचंच, असं तिने बजावलं. गॅस जड असतो, गळला तर खाली बसतो, त्याला जायला वाट हवी.

तेवढ्यात धूळमुक्ती समितीचे अध्यक्ष आबा तरस तपासणीला आले. एकही भोक नसलेल्या घराला समिती पितळी बिल्ला देत असे.

"बिळात जन्मलीस, तुला भोकाशिवाय झोप कशी लागणार?" असं म्हणून आबा हसले. आबा हसले की सगळ्यांनी हसायचं, अशी तिथे पद्धत होती.

भिकाजीला ठकूचं पटलं होतं. पण बिल्ला फार चकचकीत होता. त्याने स्वतःच्या पंजाने भोकात लांबी, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लगदा, भरली. वर आतल्या दाराची पट्टीही उपटली, कारण त्या खणात त्याची मधाची बरणी असे आणि घट्ट दार दिवसातून वीसदा कोण ओढणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी उद्घाटन झालं. अस्वलाचं कुटुंब आणि आबा आत दाटीवाटीने बसले. दार लागलं. ठकूला आमंत्रण नव्हतं. ती ट्रकखाली उभी राहून आपलं काम न्याहाळत होती.

आत आबांचं भाषण चाललं होतं. कसला तरी वास येतोय, असं एक पिल्लू म्हणालं. नव्या रबराचा आहे, असं आबांनी समजावलं आणि चहा ठेवायला सांगितलं.

लांबीच्या एका बारीक चिरेतून वास ठकूलाही आला. ती जीव तोडून ओरडली. पण तिने पट्ट्या इतक्या चोख बसवल्या होत्या की आवाज आत जाईना. मग ती खणाच्या तळाला दातांनी भिडली. लांबी फुटली, गॅस भस्सकन तिच्या नाकातोंडात आला.

त्या भोकाला तोंड लावून ती म्हणाली, "भिकाजीदादा, काडी ओढू नको. दार उघड."

काडी पेटीला टेकलेली होती. ती तिथेच थांबली. सगळे धडपडत बाहेर पडले. आबा सर्वांत आधी.

समितीची तातडीची बैठक झाली. बिल्लाप्राप्त घर कुरतडल्याबद्दल ठकू दोषी ठरली. शिक्षा म्हणून तिच्या बिळाचं दुसरं तोंड बुजवण्यात आलं. तिने त्याच संध्याकाळी तिसरं खणलं. माती ओढायला भिकाजी होता.

तात्पर्य: मुलांनो, घराची सगळी भोकं खुशाल बुजवा. वेळ आली की एखादी घूस ती कुरतडतेच. आणि तिला शिक्षा करायला समिती जिवंत उरते.