भट्टीबुवांचा पंजा

निवृत्तीच्या दिवशी फाटकाजवळच्या ओल्या सिमेंटमध्ये आपल्या हाताचा ठसा उमटवायचा, एवढी एकच हौस भट्टीबुवांनी आयुष्यभर बाळगली होती. सिमेंटच्या कारखान्यात त्यांचा सगळा जन्म भट्टीपुढे गेला. दळलेली चुनखडी आणि माती लांबलचक फिरत्या भट्टीत सोडायची, दगडही पाघळेल इतकी भाजायची आणि पलीकडून काळे टणक गोटे काढायचे, हे त्यांचं काम. पुढे ते गोटे जरासं जिप्सम घालून दळले की झालं सिमेंट. पण हे दळणारे चक्कीवाले म्हणजे भट्टीबुवांच्या लेखी आयत्या बिळावरचे नागोबा.

"ठशाचं सिमेंट माझ्याच गोट्यांचं हवं," त्यांनी आदल्या दिवशी चक्कीवाल्याला बजावलं. "आणि त्यात तुझं ते जिप्सम घालायचं नाही. भेसळ नको मला."

"अहो, पण जिप्सम नसेल तर..."

"तू मला सिमेंट शिकवणार?"

"मर्जी तुमची," चक्कीवाला म्हणाला आणि गालातल्या गालात हसला. त्याने गोटे नुसतेच दळून दिले.

दुसऱ्या दिवशी साहेब भाषणाला उठले, तेव्हा गवंड्याने वाळू-पाणी घालून माल कालवला, फाटकापाशी केलेल्या चौकटीत ओतला आणि वरून थापी फिरवून तो निघून गेला. भट्टीबुवांची बायको चौकटीशेजारच्या खुर्चीवर होती. "नीट ओलं आहे ना हो?" असं म्हणत तिने कणीक बघावी तसा त्यावर खुशाल पंजा दाबला.

भट्टीबुवा ताडकन पुढे वाकले. "अगं, काय केलंस हे? ती माझी जागा आहे!"

"मग सारखं करून घ्या की. पण हे गरम का लागतंय हो?" असं म्हणून ती नळावर हात धुवायला गेली.

भट्टीबुवांनी खुणा करकरून गवंड्याला बोलावलं. त्याने थापी टेकवली, रेटली, पाणी शिंपडलं. पाणी वरच्यावर वाहून गेलं.

"काका, हे तर सेट झालं."

"एवढ्यात? अजून साहेबांच्या भाषणात कारखान्याची पायाभरणीसुद्धा झाली नाही!"

त्यांना दरदरून घाम फुटला. एवढ्या मोठ्या भट्टीपुढे त्यांना असा घाम कधी फुटला नव्हता. त्यांनी मागे बसलेल्या चक्कीवाल्याची बाही ओढली. "हे काय झालं रे?"

"जिप्सम म्हणजे सिमेंटचा लगाम. तो काढला की पाणी लागायचा अवकाश, लगेच घट्ट."

"मग काल बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

तेवढ्यात साहेबांनी नाव पुकारलं. भट्टीबुवा कसेबसे गुडघ्यांवर बसले आणि सगळा भार टाकून पंजा दाबला. ऊन फरशीवर हात ठेवल्यासारखं वाटलं, बाकी काही नाही. आता अख्ख्या कारखान्यासमोर आपली शोभा होणार, या विचाराने त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"काका, हात काढा, फोटो घ्यायचाय," फोटोवाला म्हणाला.

हात निघाला. खाली चिमुकला पंजा होता, मनगटापाशी बांगडीच्या खुणेसकट. साहेब चष्मा टेबलावरच विसरले होते. ते वाकले आणि म्हणाले, "वा! काय सुरेख उमटलाय!" टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात चक्कीवाला वाजवत होता. संध्याकाळपर्यंत ठशाशेजारी भट्टीबुवांच्या नावाची पितळी पाटीही बसली.

"साहेबांना खरं सांगून टाकू का?" घरी आल्यावर त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"कशाला?" बायको म्हणाली. "जन्मभर तुमच्या कपड्यांतली सिमेंटची धूळ कुणी काढली? या हातांनीच ना? मग राहू दे की."



आता कारखान्यात नवीन लागलेली पोरं फाटकापाशी थांबतात, पाटी वाचतात आणि तोंडात बोट घालतात. "जन्मभर भट्टीवर काम केलं, तरी हात बघा किती नाजूक!" भट्टीबुवा रोज त्याच रस्त्याने फिरायला जातात. फाटक जवळ आलं की दोन्ही हात खिशात घालतात.