ढापा न टाकण्याबाबत

शपथेवर सांगतो, दिगंबर ठोंबरे वारले त्याच्या तेराव्या दिवशी आमच्या नगरपरिषदेच्या फेसबुक पेजवर त्यांची तक्रार आली, आणि यातला शब्दन् शब्द खरा आहे. तेराव्या नव्हे, चौदाव्या. तेराव्याला मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आणि शब्दन् शब्द म्हणजे, एक जागा सोडून. ती शेवटी सांगतो.

तक्रार साधी होती. ‘घरासमोरच्या गटारावरची सिमेंटची लादी, म्हणजे ढापा, फुटला आहे. ये-जा करताना पाय आत जाईल. नवीन टाकावा. दि. रा. ठोंबरे, कासार गल्ली.’

मी जन्म-मृत्यू नोंदणीचा कारकून. पेजचं काम वरून दिलेलं. ठोंबऱ्यांचा मृत्यूचा दाखला मीच टाईप केला होता. म्हणून मुख्याधिकारी जोंधळे मॅडमकडे गेलो.

“मॅडम, तक्रारदार मयत आहेत.”

“हद्दीतले?”

“हो.”

“भाषा सभ्य आहे?”

“अगदी.”

“मग चोवीस तासांत उत्तर द्या. छापील नको. माणसाशी बोलतो तसं, नाव घेऊन. पेज चालतं ते त्यानंच.”

मी लिहिलं, ‘नमस्कार ठोंबरे काका, आपली तक्रार बांधकाम विभागाकडे दिली आहे.’ सहा मिनिटांत उत्तर आलं, ‘विभागाकडे म्हणजे कोणाकडे? नाव सांगा.’ जिवंतपणीही ते असेच होते. बस आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून हयात गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी सुलभाकाकू कार्यालयात आल्या. हातात अर्ज. विषय: ढापा न टाकण्याबाबत.

“काकू, पाय मोडेल तुमचा.”

“मोडू दे. ढापा टाकलात की ते ‘समाधान झाले’ लिहितील आणि गप्प होतील. एकेचाळीस वर्षं संसार केलाय मी. भाजीत मीठ कमी पडलं की बोलायचे. नीट झाली की खाली मान घालून जेवायचे. एक अक्षर नाही.”

“आणि समाधान झालं की तक्रार पेजवरून उतरते,” मी सांगितलं. “मग फक्त आम्हालाच दिसते.”

“तेच म्हणते मी. राहू दे तो खड्डा.”

अर्ज आवक करून घेतला. मग मला जमेल तेवढा वेळ काढला. मोजमाप बाकी आहे, असं लिहिलं. ठोंबरे चिडले: ‘मोजायचंय काय त्यात? दोन बाय तीन.’ वाळू आली नाही, असं लिहिलं. ‘शेजारच्या गल्लीत ढीग पडलाय,’ ते म्हणाले. काकू रोज जेवण आटोपलं की ओट्यावर बसून ही उत्तरं वाचायच्या. एकदा भर दुपारी त्यांचा फोन आला.

“आजचं बघितलंत? ‘हिचा गुडघा दुखतो, लवकर करा,’ असं लिहिलंय.”

“बघितलं.”

“मला कधी विचारलं नव्हतं हो गुडघ्याचं.”

तक्रारीच्या एकविसाव्या दिवशी मॅडमनी बोलावलं. “सगळ्या तक्रारी निकाली, ही एकच का अडकलीय?”

“विरोधी अर्ज आहे, मॅडम.”

त्यांनी काकूंचा अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. “वाईट मलाही वाटतं. पण त्या उद्या पडल्या तर ते आपल्याला काय लिहितील? आणि तक्रारदार ते आहेत, या नाहीत.”

मंगळवारी ढापा बसला. काकू दारात उभ्या होत्या. मुकादमाला म्हणाल्या, “सावकाश करा, घाई नाही कसली.” त्यानं तासाभरात उरकलं. मी फोटो टाकला. ठोंबऱ्यांचं उत्तर आलं आणि तक्रार उतरली. काकूंच्या मोबाइलवरून सगळंच गेलं, गुडघासुद्धा.

बुधवारी त्या आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

“शेवटचं काय लिहिलंय?”

“लिहिलंय, हिच्या हातची भाजी चांगली असायची.”

“कुठली?”

याचा मी विचार केला नव्हता. “अंबाडीची.”

“अंबाडी ते खात नसत.”

मी रजिस्टर चाळायला घेतलं.

“पण तसं लिहिलंय ना?”

“लिहिलंय.”

“पेजवर?”

“पेजवर.”

“मग असेल,” काकू म्हणाल्या. “नगरपरिषदेच्या पेजवर आलंय म्हणजे बरोबरच असेल.” पिशवी उचलून त्या घरी गेल्या. ढाप्यावरूनच गेल्या असणार. बाजूनं जायला तिथं जागा नाही.

तर ती भाजी तेवढी माझ्या पदरची. ठोंबऱ्यांनी लिहिलं होतं ते असं: ‘उजवा कोपरा अर्धा इंच वर राहिला आहे. समाधान झाले.’

त्या कोपऱ्याचं काय करायचं, असं मी त्यांना नाव घेऊन तीनदा विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.